घाबरण्यासारखं काही नाही

आधी माफी मागतो. लिहायला बसावं एवढी माझी पोच नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. दहावीपासून मी गावातल्या निम्म्या लोकांचे पीकविम्याचे, रेशनकार्डाचे, मुलींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म भरत आलो, आणि घरातला पहिलाच पोरगा कॉलेजात गेला म्हणून लोकांना वाटलं, याला लिहिता येतं. मला तसं कधी वाटलं नाही. चारचौघांनी वाचलेलं असं माझं एकच लिखाण आहे. ते सतरा ओळींचं आहे, आणि एका व्हिडिओ गेमच्या सुरुवातीला येतं. खेळ सुरू होण्याआधी खेळणाऱ्याला आत काय काय आहे ते सांगणारी सूचना. त्या धंद्यात तिला कंटेंट वॉर्निंग म्हणतात. तेवढ्या भांडवलावर आठवणी लिहिणं बरं दिसत नाही, पण त्या सतरा ओळींच्या दिवसांत मी जितका आनंदात होतो तितका आधी कधीच नव्हतो. म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

तेव्हा मी अमरावतीला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. गाव दर्यापूरकडचं. खेळ माझा नव्हता, माझ्या मित्राचा होता. तो अकोल्याचा, त्याच्या अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. एक जुना लॅपटॉप त्यानं कुठून तरी मिळवला होता. बॅटरी मेलेली, चार्जरची पिन एका ठरावीक कोनात धरली तरच चालायचा. त्यावर त्यानं दीड वर्ष खपून एकट्यानं तो खेळ बनवला. मी मराठी बरी लिहितो म्हणून खेळातली वाक्यं मला लिहायला दिली. मी लिहिलेलं वाक्य कोणीतरी आवाजात बोलतं, आणि अंधाऱ्या घरातून ते ऐकू येतं, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

खेळ असा होता. एक माणूस सकाळी घरात उठतो. घरात त्याची आई, बायको आणि लहान मुलगी. दिसत कोणीच नाही, बाजूच्या खोलीतून फक्त आवाज येतात. रोज सकाळी घरातलं काहीतरी नाहीसं होतं. आधी एक कपबशी. मग आरसा. मग एक दार, आणि मग दारामागची खोली. विचारलं की आवाज म्हणतात, असं काही नव्हतंच, तुलाच काहीतरी होतंय. सहाव्या सकाळी मुलीचा आवाज येत नाही. विचारलं तर आई म्हणते, "कोणती मुलगी?"

एवढंच. रक्ताचा थेंब नाही, भूत नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. तरी ते वाक्य लिहिलं त्या दिवशी मी मेसमध्ये नीट जेवलो नाही.

एक संकेतस्थळ होतं, जगभरच्या विद्यार्थ्यांचे खेळ निवडून मांडणारं. मित्रानं तिथे खेळ पाठवायचं ठरवलं. त्याच्यासाठी ही गंमत नव्हती. त्याचे अब्बा म्हणाले होते, "बाहरवालों ने लिया तो एक साल तेरा, जो सीखना है सीख. नहीं लिया तो आखरी पेपर के दूसरे दिन गद्दी पे बैठना." ते बोलले म्हणजे बोलले. म्हणजे खेळ निवडला गेला तर मित्राला एक वर्ष मिळणार होतं, नाहीतर नाही. मला हे माहीत होतं, म्हणून माझ्या हातून काही राहू नये असं फार वाटायचं.

पाठवताना सूचनेसाठी एक चौकोन होता. मित्र म्हणाला, "हे तू लिव. पाच मिनिटांचं काम हाय." मी खरोखर पाच मिनिटांत लिहिलं. खेळणाऱ्याला उगाच धडकी भरू नये, प्रेमानं बोलावं, असं मनात होतं. लिहिलं ते असं: या खेळात रक्त नाही. भूत नाही. मारामारी नाही. घाबरण्यासारखं काही नाही. शांतपणे या. तेच मित्रानं इंग्रजीत घातलं, आणि मराठीत खेळाच्या पहिल्या पडद्यावर ठेवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून एकेक शब्द वाचला. खेळ त्यांना आवडला होता, हे पहिल्या ओळीत होतं आणि तिथेच मित्रानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की पुढचं वाचायला वेळ लागला. पुढे लिहिलं होतं, तुमच्या सूचनेत आत काय नाही ते आहे. आत काय आहे ते सांगा. त्याशिवाय आम्ही खेळ मांडू शकत नाही. आठ दिवसांत नवीन सूचना पाठवा.

"म्हंजे खेळ पास, तू नापास," मित्र म्हणाला.

तो हसत होता, पण माझे कान तापले. दीड वर्ष त्यानं काढलं, आणि अडकलं माझ्या पाच ओळींवर. मी म्हटलं, "आठ दिवसात करून देतो." मग लगेच खरं सांगून टाकलं, "पण आत भ्यायचं नेमकं काय हाय, ते मले समजून नाही राहिलं. आपनच बनवलं ना बे. आपल्याले कसं भेव वाटंन?"

त्यावर त्यानं चांगली युक्ती काढली. लोकांना बसवायचं, आणि आपण खेळाकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघायचं. माउसवरून हात कुठे उठतो ते लिहून घ्यायचं.

रविवारी दुपारी हॉस्टेलच्या माझ्या खोलीत आम्ही खिडकीवर रजई टांगली. अंधार झाला. दारात पोरांची रांग लागली, कारण भीती फुकटात मिळत होती. एकजण बाहेरून ओरडला, "भाऊ, बेशुद्ध पडलो तं मेसचं जेवन माह्या नावानं राखून ठेवजा." मी वही घेऊन बाजूला बसलो. आणि काय सांगू, त्या दुपारसारखी मजा नाही. एका धिप्पाड पोराचा हात चौथ्या सकाळी उठला, दार भिंतीत गेलं तिथे. तो म्हणाला, "मले कोंडलेलं नाही चालत. लहानपनी कोठीत कोंडलो होतो." एकानं कानातली कुजबुज सुरू होताच हेडफोन काढून फेकले. एकजण दिव्याच्या लुकलुकीला डोळे मिटून बसला. त्याच्या बहिणीला फिट यायची आणि असल्या उजेडाला तो घरीही घाबरायचा. मी भराभर लिहीत होतो. कोंडणं. कानाशी बोलणं. लुकलुकणारा उजेड, फिट येणाऱ्यांनी जपावं. ज्यानं "आपन कोनाच्या बापाले भेत नाही" असं तीनदा म्हटलं होतं तो पाचव्या सकाळी मेसची घंटा वाजली तेव्हा किंचाळला. घंटा खेळातली नव्हती, खरीच मेसची होती. पोरं लोळून हसली. मित्र म्हणाला, "हे बी लिव, मेसपासून जपावं."

मला वाटलं, झालं काम. संध्याकाळच्या आत सूचना तयार.

शेवटी माझ्या पार्टनरला बसवलं. आमच्याकडे एका खोलीत राहणाऱ्याला पार्टनर म्हणतात. तो पातूरकडचा. गेमबिम त्याच्या डोक्यात नव्हते; पोरं गेली, खोली त्याचीही होती आणि रजई त्याचीच टांगली होती, म्हणून आम्ही म्हटलं, बस. तो हसत बसला. पहिला पडदा आला, माझी जुनी सूचना. खेळ अजून सुरूही झाला नव्हता.

त्याचा हात माउसवरून उठला.

"हे कोनं लिवलं?" तो म्हणाला.

"मी."

"काहून लिवलं असं?"

मला वाटलं शुद्धलेखन चुकलं. मी विचारलं, काय झालं. तो उठला आणि बाहेर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसला. खेळ त्या ओळींवरच थांबलेला. घाबरण्यासारखं काही नाही. शांतपणे या.

मी त्याच्या मागे गेलो. तो आपणहून बोलला. मागच्या वर्षी फवारणीच्या दिवसांत त्याचा मोठा भाऊ गेला, हे मला माहीत होतं. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, वारा तोंडावर, फवारता फवारता औषध अंगात भिनलं. त्या पावसाळ्यात आमच्या भागात असं बऱ्याच घरांत झालं होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की त्याला घरून फोन कसा आला.

"मामानं केल्ता," तो म्हणाला. "मने, घाबरन्यासारखं काही नाही. भाऊची तब्येत जराशी बरी नाही. तू शांतपने ये, घाई नको करू. मी म्हटलं, ठीक हाय. बडनेऱ्याले चहा पेलो. अकोल्याच्या स्टँडवर भाऊसाठी सहा केळी घेतली. गावात उतरलो तं घरापुढं मांडव." मग म्हणाला, "ते केळी कोनाच्या हातात द्यावं, तेच समजे ना."

आमच्याकडे वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. ऐकणारा रस्त्यात असतो, एकटा असतो, काही करून घेईल असं वाटतं, म्हणून सगळे सारखंच बोलतात. काही नाही झालं, तू नुसता ये. माझ्या आजोबांच्या वेळी मीच आत्याला हेच बोललो होतो. मायेनंच बोललो होतो. आणि भीतीच्या खेळाला सूचना लिहायची वेळ आली तेव्हा मायेचं तेच वाक्य माझ्या हातून उतरलं. आमच्या मुलखात कोणत्याही पोराला ते वाचून काय वाटेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. पुण्याच्या पोरानं कदाचित दुसरं काही लिहिलं असतं.

मी त्याला म्हटलं, "चुकलं माह्यं." तो म्हणाला, "तुह्यं नाही. सगळेच तसं बोलतेत." मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाला, "पन तू लिवून राहिला ना, तं सरळ लिव. मामानं सरळ सांगतलं असतं तं मी रडत गेलो असतो. पन गेलो असतो ना बे. केळी घेत नसतो बसलो."

त्याच्या या बोलण्यानं माझ्या अंगात काहीतरी सुरू झालं. दुःख होतंच, पण त्याहून जास्त घाई होती. काय लिहायचं ते एकदम दिसायला लागलं. सूचना म्हणजे समजूत काढणं नाही. आत काय आहे ते आधी सांगायचं, आणि मग यायचं की नाही ते खेळणाऱ्यावर सोडायचं. सोमवार, मंगळवार मी वर्गात मागच्या बाकावर बसून फक्त त्या ओळी लिहीत होतो. पाच ओळींच्या अकरा झाल्या. एक शब्द जमला की पाय आपोआप हलायला लागायचे. सर दोनदा म्हणाले, भूकंप येतोय का.

शेजारच्यांच्या लँडलाइनवर आईला बोलावून घेतलं तेव्हा तिला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

"आई, मी लिवून राहिलो."

"कायचा फारम?"

"फारम नाही. खेळाची सूचना. लोकायले भेव वाटंन असा खेळ हाय, तं त्याहिले आधी सांगा लागते, की आत भेव हाय."

"आधी सांगता, मंग भेववता?"

"हो."

"मंग ते भेतेत कायले?"

नेमका हाच प्रश्न घेऊन पुढे मित्रही अडून बसला.

शनिवारी आम्ही दोघं अकोल्याला त्याच्या घरी गेलो. रविवारी रात्रीच्या आत सूचना पाठवायची होती. दुकानाच्या माडीवर लॅपटॉप उघडला, पिन कोनात धरायला तिच्यावर इस्त्री ठेवली. खाली पिंजण्याचं मशीन घरघरत होतं आणि जिन्यातून कापसाचे बारीक तंतू वर येत होते. माझी बारावी ओळ त्यानं वाचली आणि तो उखडला. ओळ होती: या खेळात एक लहान मूल नाहीसं होतं, आणि घरातले ते मूल होतं हेच मान्य करत नाहीत.

"हे नाही जमत," तो म्हणाला. "दीड साल मी ते लपवून ठेवलं, अन तू दारावरच बोंबलून राहिला. मंग राहिलं काय खेळात?"

"ज्याच्या घरचं लेकरू गेलं त्यानं उघडला तं?"

"त्यानं नाही उघडा लागत."

"त्याले कसं समजंन, नाही उघडा लागत म्हनून?"

तो चिडला, मीही चिडलो. त्याचं वर्ष पणाला लागलेलं, तरी तो शेवट उघडा करायला तयार नव्हता; आणि मला त्याचं वर्ष हवं होतं, तरी मी ती ओळ सोडत नव्हतो. आवाज वाढले तसं मशीन बंद झालं आणि अब्बा वर आले. भुवयांवर, दाढीवर कापूस. "क्या हुआ? झगडा दुकान के बाहर करो, इधर रुई उडती."

मित्रानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग मला म्हणाले, "बाबू, खाली ये."

खाली एक गादी भरून पडली होती, शिवण घालत आणलेली. एक कोपरा मात्र वीतभर उघडा होता. ते माझ्याशी वऱ्हाडीत बोलले. "गिऱ्हाईक आल्याबिगर हा कोपरा मी शिवत नाही. गिऱ्हाईक येते, हात घालते, आत कोनता कापूस हाय ते पाहते. जुना मिसळला असंन तं त्याले दिसते. मंग त्याच्यापुढं शिवतो. पन म्हनून काय सगळी गादी उसवून दाखवतो काय?"

मी त्या कोपऱ्यातून हात घातला. आत गरम होतं.

आम्ही जिना धावतच चढलो. मित्राला बोलूच दिलं नाही. कागदावर दोन चौकोन काढले. पहिल्या पडद्यावर थोडक्यात: कोंडणं आहे, कानाशी कुजबुज आहे, लुकलुकणारा उजेड आहे, आणि घरातलं एक माणूस हरवतं व बाकीचे ते नाकारतात. खाली एक बटण. ज्याला आत हात घालून बघायचं त्यानं ते दाबावं. तिथे मुलीचं सगळं, कितव्या सकाळी तेही. ज्याला नको त्यानं तसंच पुढे जावं. मित्र पिनवरची इस्त्री सरळ करत म्हणाला, "बटन डाव्या बाजूला टाकू. उजव्या बाजूला सगळे न वाचताच दाबतेत." मी ओरडलोच आनंदानं. त्याच्या बहिणीनं खालून विचारलं, कोन पडलं?

दिवसभर आम्ही खेळलो आणि लिहिलं. तो खेळायचा, मी घड्याळ घेऊन कितव्या मिनिटाला काय होतं ते टिपायचो. संध्याकाळी पार्टनरला फोनवर सगळ्या ओळी वाचून दाखवल्या. सतरा झाल्या होत्या. शेवटची होती: मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, खेळ तिथेच थांबेल आणि तुम्हाला काही विचारणार नाही. तो म्हणाला, "आता बरोबर. आता मी खेळतो." मग अब्बांना बसवलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन त्यांनी पहिला पडदा वाचला, मग बटण दाबून दुसराही वाचला, आणि सगळं माहीत असूनही सहाव्या सकाळी, मुलीचा आवाज आला नाही तेव्हा, त्यांनी जिन्याकडे बघून आपल्या लेकीला हाक मारली. ती खालून "जी अब्बा" म्हणाली. मगच ते परत पडद्याकडे वळले.

"इतना बता के भी डर लगा," ते म्हणाले. "माल असली है."

मी मनात म्हटलं, आई, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मित्रानं सूचना पाठवून दिली. वर्षाबद्दल अब्बा काही बोलले नाहीत. बाहेरच्यांनी घेतला तर, हा त्यांचा शब्द कायम होता.

मग वाट बघणं. दिवाळी आली, आम्ही आपापल्या गावी गेलो. आमच्या गावात मोबाइलची रेंज पाराजवळ यायची आणि शेतात अजिबात यायची नाही. रोज सकाळी पाराजवळ जाऊन फोन उंच धरायचो, काही यायचं नाही, मग कापूस वेचायला जायचो. अळीनं त्या साली निम्मी बोंडं खाल्ली होती, वेचायला फारसं नव्हतंच, तरी आई सगळ्या ओळी धरायची. मी वेचता वेचता सूचनेतले शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघायचो. कुजबुज लिहिलं ते बरोबर होतं का. नाकारतात हा शब्द कठीण तर नाही. सतराऐवजी पंधरा ओळी पुरल्या असत्या का.

सहाव्या दिवशी आई भाकरी आणायला घरी गेली आणि जरा उशिरा परतली. बांधावरूनच चालत येताना ती मोठ्यानं बोलायला लागली, कारण विसरून जाईल अशी तिला भीती होती.

"तुह्या अकोल्याच्या दोस्ताचा फोन आलता शेजारी. कालपासून लावून राहिला म्हने. मने, मावशी, जसंच्या तसं सांगजा. तुमचा खेळ त्याहीनं घेतला. तू लिवलेलं काहीच नाही काढलं, सगळं तसंच ठेवलं. अन त्याच्या बापानं एक साल देलं."